काचेला काच होऊ नये म्हणून

"ताई, हे भोकाचं माप आहे. काचेचं नाही."

मी नेलेला पुठ्ठा काचेचं काम करणाऱ्या काकांनी एकदा उजेडाकडे धरला, एकदा उलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. बोलण्यात तिरकसपणा नव्हता. पावती चुकीच्या नावावर आहे हे सांगावं, तितक्या सरळपणे त्यांनी ते सांगितलं आणि आपल्या कामाकडे वळले. तो पुठ्ठा कापायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. गाडीच्या दाराच्या खिडकीत आतून टेकवायचा, बाहेरून पेन्सिल फिरवायची, कापायचा, पुन्हा टेकवायचा, जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खूण करायची. शेवटी कुठेही फट उरली नाही तेव्हा मी त्याचा फोटोसुद्धा काढला होता. आणि नेमकी तीच चूक होती. खिडकीत दिसते तेवढीच काच असते, असं मी इतकी वर्षं गाड्यांत बसून मानत आले होते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं; मी फक्त कधी विचारच केला नव्हता. त्या दिवसापासून ते वाक्य काही सुटेना. भांडी घासताना, जिने चढताना, मध्येच कुठूनतरी ऐकू यायचं. भोकाचं माप.

गाडी मी अर्धवटच घेतली होती. जुनी, दोन दारांची. आधीच्या मालकाने तिचं छप्पर अडीच इंच खाली आणलं होतं. ऐकायला हे सोपं वाटतं: खांब कापा, मधला तुकडा काढा, वरचा भाग खाली बसवा, वेल्डिंग करा. पण गाडीचे खांब ताठ उभे नसतात, वर जाताना ते आत कललेले असतात. मधला तुकडा काढला की खालचं बुड आणि वरचं टोक समोरासमोर येतच नाहीत. मग कोणी छप्पर मधोमध कापून लांबवतं, कोणी खांबच आणखी आडवे करतं. या माणसाने ते सगळं निगुतीने केलेलं होतं. जोड कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं नाही, बोट फिरवावं लागायचं. "काचा तेवढ्या बाकी आहेत," तो म्हणाला होता, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता टायरकडे बघत होता. मी दार लावलं तेव्हा दाराच्या पोटात काहीतरी खळ्ळकन सरकलं. नंतर माझ्या भावाने आतलं पॅनेल उघडलं, तर तळाशी ओंजळभर काचेचे दाणे. नखाएवढे, बोथट कडांचे, कडेने हिरवट. मूळ काच आधीच्या मालकाने ग्राइंडरने कापून पाहिली असणार. न सांगताच कळलं.

दारांच्या काचा टफन केलेल्या असतात आणि टफन काच कापता येत नाही, हे मला भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं. का कापता येत नाही हे विचारलं की उत्तर यायचं, "नाही म्हणजे नाही." मग मी वाचत बसले. काच आधी हव्या त्या आकारात कापतात, भोकं पाडतात, कडा घासतात आणि मगच भट्टीत घालतात. सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापली की दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत. वरची कातडी आधी थिजते, पोट अजून गरम. पोट निवताना आकसायला बघतं, पण कातडी तोवर जागेवर पक्की झालेली असते. त्यामुळे आत कायमचा ताण आणि बाहेर कायमचा दाब. हा दाब ६९ मेगापास्कलच्या वर असला पाहिजे, अशी अपेक्षा असते. वरवरचा ओरखडा पडला तरी तो दाब त्याचं तोंड मिटलेलं ठेवतो, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट भक्कम. पण चार मिलिमीटरच्या काचेत ही कातडी एका बाजूला जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. घाव तिच्या पलीकडे गेला की आत कोंडलेलं सगळं एका क्षणात सुटतं आणि पूर्ण काचेचे दाणे होतात. अर्धी काच वाचली, असं होतच नाही. सतराव्या शतकात लोक वितळत्या काचेचा थेंब पाण्यात टाकून अशीच गंमत करायचे. प्रिन्स रूपर्टने ते थेंब इंग्लंडच्या राजापर्यंत नेले आणि १६६१ मध्ये रॉयल सोसायटीत त्यांवर प्रयोग झाले. थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो दाद देत नाही. बारीक शेपूट चिमटीत मोडली की सगळ्याचा भुगा. आमच्या दारातली ओंजळ म्हणजे त्याच थेंबाची पुढची पिढी.

पत्र्याचं काम करणारी माणसं मला नेहमी निवांत वाटत आली आहेत. आता त्याचं कारण कळल्यासारखं वाटतं. पत्रा जास्त कापला तर तुकडा जोडता येतो. वाकडा झाला तर मागून ठोकता येतो. अगदीच नाही जमलं तर पुटी आहे, आणि पुटीवर रंग आहे. माझा भाऊ वेल्डिंग करताना शिट्टी वाजवतो. काचेच्या कारखान्यात मला कोणी शिट्टी वाजवताना दिसलं नाही. तिथे जे काही ठरवायचं ते भट्टीच्या अलीकडे. पलीकडे गेलेली काच एक मिलिमीटरने मोठी निघाली तरी ती आयुष्यभर एक मिलिमीटरने मोठीच.

भंगारातल्या गाड्यांमध्ये शोध, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. म्हणजे छप्पर न कापलेल्या, पण मुळातच बुटक्या खिडक्यांच्या कुठल्यातरी गाडीची काच आपल्या दारात चालेल का ते पाहायचं. पुठ्ठा घेऊन मी रांगेने उभ्या असलेल्या, चाकं नसलेल्या गाड्यांमधून हिंडले. सीटच्या कुजक्या फोमचा वास, उन्हाने चिकट झालेलं रबर, दार उघडलं की बिजागरीची करकर. तिथे मला काचांच्या कोपऱ्यातली ती बारीक छपाई वाचायची सवय लागली. आयुष्यभर डोळ्यांसमोर असून मी ती कधी वाचली नव्हती. बनवणाऱ्याची खूण, गोलात 'ई' आणि आकडा. एक म्हणजे जर्मनी, दोन म्हणजे फ्रान्स, चार म्हणजे नेदरलँड्स: कुठल्या देशाने मंजुरी दिली ते. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा चिकटवून केलेली, आहे की टफन, तेही तिथेच लिहिलेलं. पुढच्या काचेच्या कडेला असलेली काळी पट्टी, जी आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी विरत जाते, ती मला नक्षी वाटायची. ते भाजून पक्कं केलेलं एनॅमल असतं. काच ज्या गोंदाने चिकटवलेली असते त्याला ऊन लागू नये म्हणून. आता कोणाच्याही गाडीत बसले की मी आधी कोपरे वाचते. सोबतच्यांना याचा त्रास होतो.

सापडली होती एक. दुपार कलताना, एका निळ्या गाडीच्या डाव्या दारात. बाक तोच, मागचा कोन तोच, खालची सरळ कड तीच. पुठ्ठा लावला आणि छातीत धडधडलं. उंची बारा मिलिमीटर जास्त. मी तीन वेळा मोजलं, जणू चौथ्या वेळी काचेला दया येणार होती. भावाने फोनवर विचारलं, "बाराच ना?" त्याच्या आवाजात ग्राइंडर ऐकू येत होता. मी म्हटलं, "आपल्या दारात आधीच एक ओंजळ आहे."

लहानपणी आम्हा दोघांची भांडणं खिडकीवरूनच व्हायची. मागच्या सीटवर बसायचं तर हँडल कोणाकडे, हा खरा प्रश्न. मला काच पूर्ण खाली हवी असायची आणि ती अर्ध्यावर येऊन अडायची. मी जोर लावायचे, भाऊ म्हणायचा तू मोडलीस, मोठी माणसं पुढून ओरडायची. मागची काच अर्धीच उतरते हा आपल्यावर, म्हणजे मुलांवर, केलेला अन्याय आहे असा माझा पक्का समज होता. पाऊस आला की काच वर, मग कपाळ टेकवून बसायचं. इंजिनाची थरथर काचेतून कपाळात, कपाळातून दातांत. बाहेरचे थेंब वाऱ्याने आडवे पळायचे, त्यांची शर्यत लावायची. आतून श्वासाने धुकं करून त्यावर नाव लिहायचं. ते पुसलं तरी दुसऱ्या दिवशी श्वास टाकला की नाव परत यायचं. मला ती जादू वाटायची. बोटाच्या तेलकटपणाची ती करामत, हे कळल्यावर थोडं वाईटच वाटलं होतं.

अर्ध्या काचेचं रहस्य मात्र मला काकांमुळे उलगडलं. मागच्या दाराचा खालचा कोपरा चाकासाठी कापलेला असतो. काच खाली जाणार कुठे? तिला उतरायला दाराच्या पोटात जागाच नसते. म्हणजे काचेचं माप वरच्या भोकावर नाही, खालच्या अंधारावर ठरतं. दोन्ही कडांना ती पन्हळीत शिरलेली असते, वर रबरात बुडलेली असते, खाली तर वीतभर दाराच्या आत असते आणि तिथे तिला वर-खाली करणाऱ्या मशीनच्या पट्टीने धरलेलं असतं. दिसते ती फक्त मधली.

आणि तरीही ती मोठी करून चालत नाही. "पत्रा हलतो, ताई. गाडी खड्ड्यात गेली की चौकट पिळवटते. काच नाही पिळवटत. तिला चहूबाजूंनी सूट ठेवायची. लोखंडाला तिची कड कुठेच टेकायला नको." हे सांगताना काकांनी दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरले आणि मधली हवा दाबल्यासारखं केलं. मला एकदम आपल्या भाषेतले दोन काच आठवले. एक ती काच, आरपार दिसणारी. दुसरा तो काच, घट्ट नाडीचा, नव्या चपलेचा, दोरीचा. कातडीवर लाल वळ ठेवणारा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेलही. पण बिनफटीचा तो पुठ्ठा, ज्याचा मी फोटो काढला होता, ती काच नव्हतीच, तो काच होता. हे वाक्य मी भावाला ऐकवलं तेव्हा त्याने वेल्डिंगचा मुखवटा वर करून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मधल्या काळात आम्ही पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं प्लॅस्टिक, लावून पाहिलं. शर्यतीच्या गाड्यांत तेच असतं, वजनाला काचेच्या निम्मं, सुरीने नाही तरी करवतीने मुकाट कापलं जातं, वाकवलं की वाकतं. भाऊ खूश. एका दुपारीत दोन्ही खिडक्या तयार. मी पहिल्यांदा बोटाने टिचकी मारली, तर 'टण' नाही, 'टक' आवाज आला. डब्याच्या झाकणासारखा. वेग वाढला की ती पातळ खिडकी श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर व्हायची आणि कानाशी गुणगुणायची. पन्हळीतल्या फेल्टच्या मऊ पट्टीत अडकलेल्या धुळीने आठवड्याभरात तिच्यावर उभ्या बारीक रेघा उमटल्या. समोरून दिवे आले की त्या रेघा पेटायच्या. कठीण लेप दिलेलं पॉलिकार्बोनेट मिळतं, ते जास्त टिकतं, हे खरं. पण माझा खटका वेगळाच होता. त्या खिडकीतून मला बाहेरचं दिसायचं, आणि त्याबरोबर खिडकीही दिसायची.

शेवटी लॅमिनेटेड. दोन काचा, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला, फुटला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते, अशी तिची जन्मकथा सांगतात. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं, आणि पहिल्या महायुद्धात ही काच गॅस मास्कच्या डोळ्यांना लागली. माझ्या दृष्टीने तिचा मोठा गुण एकच: ती तयार झाल्यावरही कापता येते. जुन्या गाड्यांचं छप्पर उतरवणारे लोक याच जोरावर इतके धीट होते. त्या गाड्यांना काचा सपाट असायच्या, फर्मा न्यायचा आणि कापून आणायची. दारांच्या काचांना बाक आला तेव्हा ही सोय संपली. बाकदार काच एखाद-दुसरी करायची म्हणजे आधी तिच्यासाठी साचा करायचा, मग त्यावर तापलेली काच झुकवायची. दोन खिडक्यांसाठी साचा करायला कोणी तयार होईना, आणि त्यात मला त्यांची चूक वाटत नाही.

म्हणजे सपाट काच घ्यायची तर दाराच्या पन्हळी सरळ करायच्या. भावाची शिट्टी पहिल्यांदा बंद झाली. मूळ काच वाकड्या वाटेने, एका मोठ्या अदृश्य पिंपाच्या अंगावरून घसरल्यासारखी वर-खाली व्हायची. आता तिला सरळ रस्ता हवा. त्यात ही काच सहा मिलिमीटरच्या वर जाड, जुनी चार. म्हणजे दीडपट जड, आणि जुन्या फेल्टमध्ये ती घुसेचना. घुसली तर हलेना. काच, दुसऱ्या अर्थाचा.

पुढच्या काचेचं काम मी समोर बसून पाहिलं. मूळचीच काच, लॅमिनेटेड, वरून अडीच इंच उतरवायची. काकांनी आधी बाहेरच्या अंगाने कटरची रेघ मारली. आवाज फार बारीक, रेशमी कापड फाडल्यासारखा. मग आतल्या अंगाने, तंतोतंत त्याच रेघेच्या पाठीशी. मग मागून हलक्या ठोक्यांनी चीर पळवत न्यायची, एका बाजूची, नंतर दुसरीची. चीर रेघेवरून चालत होती आणि आम्ही तिघे श्वास धरून तिच्याबरोबर चाललो होतो. कोपऱ्याच्या वळणाला, जिथे बाक सगळ्यात जास्त, तिथे ती रेघ सोडून खाली वळली. घाई नाही, दंगा नाही. ठरवून निघाल्यासारखी काचेच्या मधोमध गेली आणि थांबली. काका काही बोलले नाहीत. कटर पुसला, जागेवर ठेवला. दुसरी काच मिळवायला बरेच दिवस गेले. ती कापली तेव्हा मी मुद्दाम बाहेर उभी राहिले, आणि ती नीट कापली गेली. यात माझ्या बाहेर असण्याचा काही हात नाही हे मला कळतं. नंतर स्पिरिटच्या ज्योतीने पापुद्रा मऊ करून त्यांनी पातळ पात्याने तो चिरला, आणि वरची पट्टी शांतपणे सुटून आली. ती पट्टी मी मागून घेतली आहे. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

दारांसाठी दुसऱ्यांदा नेला तो पुठ्ठा नव्हता, हार्डबोर्डचा फर्मा होता. आधी भावाने पन्हळी, नवं रबर, फेल्ट, मशीनची पट्टी सगळं बसवलं, मग त्यात फर्मा घालून आम्ही तो शंभर वेळा वर-खाली केला. कुठे घासतो, कुठे सैल पडतो, खाली तळाला टेकतो का. फर्म्यावर मी पेनाने लिहिलं: ही बाजू बाहेर. ही कड दिसणार, घासून गुळगुळीत हवी. काचेची खूण या कोपऱ्यात, बाहेरून वाचता येईल अशी. ती खूण नसलेली काच तपासणीला चालत नाही, आणि कापताना ती हटकून टाकाऊ तुकड्यात जाते. काकांनी फर्मा उजेडाकडे धरला, उलटा केला, लिहिलेलं वाचलं. या वेळी परत दिला नाही.

काचा बसल्या त्या संध्याकाळी मी गाडीभोवती बराच वेळ फिरत राहिले. खरं सांगायचं तर थोडी हिरमुसले. जुन्या बाकदार काचेत आभाळ वळसा घेऊन छपरावर चढायचं. सपाट काचेत ते चित्रासारखं एका जागी उभं राहतं. बाजूने पाहिलं की गाडीचं अंग गोल आणि खिडकी सरळ, हे मला दिसतं, अजूनही दिसतं. इतर कोणाला दिसत असेल असं वाटत नाही. मात्र दार लावलं आणि चाललो तेव्हा लक्षात आलं की आत शांत आहे. तो मधला पापुद्रा आवाजही गिळतो. भाऊ शेजारी बसला होता. त्याने हँडल फिरवून काच पूर्ण खाली केली, पूर्ण वर केली आणि म्हणाला, "जड आहे." मग पुन्हा खाली केली. मी त्याला हँडल दिलं होतं, ही गोष्ट आमच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी.

आधीच्या मालकाला मी कळवलं होतं. येईन म्हणाला, आणि एका सकाळी खरंच आला. मी गाडी उघडून दिली. छपराचे जोड, रंग, आतलं काम, कशाकडेही त्याने पाहिलं नाही. सरळ आत बसला, दार लावलं आणि काच खाली केली. वर केली. खिडकी अर्धी उघडी ठेवून काचेच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मी बाहेर उभी होते. काचेपलीकडे तो आणि काचेवर माझं प्रतिबिंब, दोन्ही एकाच जागी दिसत होते.

"माप कशावरून घेतलंत?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदा भोकाचंच घेतलं होतं," मी म्हटलं.

"मीही," तो म्हणाला, आणि काच पुन्हा खाली करायला लागला.